तीन मंगळवार

आमच्या गावात तलावात उतरण्याआधी
अंगावरचं सगळं उतरवावं लागतं.
साबण लावून, उघड्याने, एकमेकींसमोर. नियमच आहे.
भिंतीवर चित्र टांगलंय: बिनचेहऱ्याचं एक माणूस,
डोक्यावर, काखेत, जांघेत, पावलांवर लाल ठिपके.
इथे इथे नीट घासा.
छातीवर ठिपका नाही.

मी दिरलेव. एकवीस वर्षं या न्हाणीघराची राखण करते.
हातात रबरी झाडू, पायात निळे बूट,
आणि डोळे बघूनही न बघणारे.
हीच नोकरी, हीच अदब.
कुणाचे टाके कुठल्या बाळाचे,
कुणाच्या दंडावर कुणाची बोटं उमटलीत,
सगळं ठाऊक; बाहेर ब्र काढत नाही.

स्टेनव्होर दर मंगळवारी यायची,
मासळीच्या कारखान्यातली पाळी संपवून.
शाम्पू संपला तरी बाटली आपटत राहायची
आणि नवऱ्याच्या बोटीला मोठमोठ्याने शिव्या द्यायची.

एका मंगळवारी फेस काढायला तिने हात वर केले
आणि डाव्या स्तनाची कातडी आत ओढली गेली,
राईच्या कणकेत कुणी अंगठा दाबून काढावा तशी.
हात खाली, खळी गायब.

मी जाळीत अडकलेले केस उचलत होते.
उचलत राहिले.

दुसऱ्या मंगळवारी पुन्हा दिसली.
म्हटलं, वय झालं. म्हटलं, दिव्याची सावली असेल.
म्हटलं, मी कोण? झाडूवाली.
तिसऱ्या मंगळवारी तीच म्हणाली,
"काय गं, आज जरा जास्तच न बघितल्यासारखं करतेयस!"
आणि हसली.

चौथ्या मंगळवारी मी नळ बंद केला.
तिचा नळ, तिच्या अंगावर साबण असताना.
म्हटलं, हात वर कर.
आता आरशात बघ.

रेक्याविकहून ती मार्चमध्ये परतली.
डावीकडे सपाट, तिरकी शिवण,
टाळूवर बदकाच्या पिल्लासारखी करडी लव.
त्या दिवशी शाळेच्या मुली पोहायला आलेल्या; गप्प झाल्या.
त्यातली सगळ्यांत धीट, किंवा सगळ्यांत लहान, म्हणाली, दुखतं?
"खाजतं," स्टेनव्होर म्हणाली. "आणि नसलेलंच जास्त खाजतं."
मग हात वर केले. डावा अर्ध्यावर अडला.
मुलीने बाटली दाबून तिच्या डोक्यावर शाम्पू ओतला,
फार जास्त ओतला.

त्या रात्री भिंतीवरच्या चित्राला
मी दोन लाल ठिपके काढले.
व्यवस्थापक अजून काही बोललेला नाही.

कपाटांत राहून गेलेली नाणी, एकेकटी कानातली,
पोहण्याचे चष्मे, लोकरी टोप्या,
लग्नाची एक अंगठी, जिच्यासाठी कुणी परत आलं नाही:
दर शरदात हे सगळं आम्ही दाराशी मांडून विकतो.
गरम पाण्याच्या कुंडात बसलेले म्हातारे कोळी
तिथूनच ओरडून भाव चढवतात.
अंगठीवर तर दोघांची जुंपली.
यंदा साठ हजार क्रोना जमले, संशोधनाला पाठवले.
पावती आली, छापील आभारांची.

माझा भाचा तिथल्या प्रयोगशाळेत काचा धुतो.
फोनवर विचारलं, एवढ्यात काय होतं रे?
मुलगा हिशेबी. जरा वेळ गप्प राहिला.
"एका यंत्राची अर्धी दुपार, मावशी."
म्हणजे अर्धी दुपार कुणीतरी
एका पेशीकडे
नजर न चुकवता बघत बसेल.

स्टेनव्होर अजून मंगळवारीच येते.
पुढची तपासणी कधी, मी विचारत नाही, ती सांगते.
गाठ तोवर काखेत उतरली होती.
त्या तीन आठवड्यांत, की त्याच्याही आधी,
डॉक्टरांना सांगता येत नाही.
मीही तिला काही सांगितलेलं नाही.
साबणाच्या वहीत मागच्या पानावर फक्त लिहिलंय:
देणं, तीन मंगळवार.
फेडलं, अर्धी दुपार.

आज जाळीत एक कानातलं सापडलं.
पुसून डब्यात टाकलं.