मापाची वही

तेवीस दिवस ती नांदेडला, काचेच्या पेटीत,
आणि मी वसमतला, टाके आणि ताप घेऊन.
मधल्या रस्त्यावर कुठंतरी
दूध वाट चुकलं.

घरी आली तेव्हा बाटलीचं बूच तिच्या ओळखीचं,
मी परकी.
जवळ घेतलं की मान फिरवायची,
लग्नात एखादी नातलग बाई फिरवते तशी.

"आटलं गं," आत्याबाई म्हणाल्या,
बोअरबद्दल बोलतात त्याच आवाजात.
द्वारकाजाऊनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.
घरभर ठसका. खोकताना टाके दुखले,
दूध काही आलं नाही.

मग तहसीन सिस्टर आली, हेल्मेट काखेत.
पर्समधून नळी काढली, सुतळीहून बारीक.
एक टोक वाटीतल्या दुधात,
दुसरं माझ्या बोंडाशी, चिकटपट्टीनं.
"तिला वाटू दे, तुझ्याकडूनच येतंय."
मी म्हटलं, हे तर खोटं आहे, सिस्टर.
"पहिले आठ दिवस खोटंच असतं. पाज."

माहेरी, जवळाबाजारला, रेडकू मेलं तेव्हा
दादांनी त्याच्या कातड्यात भुसा भरून
म्हशीपुढं उभं केलं होतं.
ती चाटायची. चाटता चाटता पान्हा सोडायची.
मी नऊ वर्षांची, मला तिचाच राग आला होता,
एवढंही कळत नाही म्हणून.
आता रात्री दोनला, नळी सारखी करताना वाटतं
तिला कळत असेल.

दर दोन तासांनी पाजायचं, मग पंप.
पंपाचा आवाज एकसुरी,
म्हातारं कुत्रं झोपेत कण्हतं तसा.
मुंजाजी मापाडी आहे. मोंढ्यात हळद आलेली,
दिवसभर क्विंटल बोलून त्याचा घसा पिवळा.
घरी येऊन हात धुतो, दोनदा धुतो,
बाटली ट्यूबलाइटसमोर धरतो, एक डोळा मिटतो:
"पाच."
त्याच्या खिशातल्या वहीत
एका पानावर हळद, पाठच्या पानावर मी.

पाच. पाच. सात.
शून्य.
(शून्य लिहिण्याआधी त्यानं पेन उगाच झटकला.)
नऊ.

अळीव खाल्ले, शेपू खाल्ली, खसखशीची खीर,
शतावरी म्हशीच्या दुधात.
शेजारच्या म्हशीला सरकी, मला अळीव,
दोघींकडं सगळे एकाच नजरेनं बघतात.
एकदा मी कुंपणावरून तिला विचारलं,
तुझं किती झालं आज?
तिनं कान हलवला फक्त.

बाविसाव्या दिवशी बँकेत गेले, पासबुक भरायला.
पंखा बंद, रांग दारापर्यंत.
पुढच्या बाईच्या खांद्यावर एक लेकरू,
कुणाचं, काय नाव, मला माहीत नाही,
ते रडायला लागलं
आणि माझ्या छातीत मुंग्या, मग कळ,
मग ब्लाउज ओला.
मी पदर ओढला. हसू येत होतं, रडूही,
मागचे काका म्हणाले, "सरका ना पुढं."

संध्याकाळी मुंजाजी वही उघडून बसला.
म्हटलं, आजचं सांडलं. परक्या लेकरापायी सांडलं.
"किती?"
मोजलं नाही.
तो वहीकडं बघत राहिला बराच वेळ.
मग रकान्यात एक आडवी रेघ मारली,
पोतं फाटल्यावर मारतात तशी,
आणि ते पान दुमडून ठेवलं.

नळी अजून सुटलेली नाही.
रात्रीची एक वाटी डब्याचीच, कदाचित राहील तशीच.
चिकटपट्टी काढली की छातीवर लाल चौकोन उरतो
आणि ती नेमका त्याच्यावर तळहात ठेवून पिते,
घोट, घोट, मध्ये एक उसासा.
वाटीतलं कुठलं, माझं कुठलं
हे तिला विचारलं तर
सांगता येणार नाही.
मीही हल्ली विचारत नाही.