बाजारात तुरी

यंत्र अजून आलेलं नाही.
पुंता अरेनासमध्ये वाऱ्याने पत्रे थडथडतायत
आणि खेकड्यांच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
एलिसेओच्या स्वयंपाकघरात
त्यावरून भांडण पेटलंय.

नाहुएल म्हणतो, चकती घालायला फटच नाही म्हणे.
तोंडच नाही जनावराला,
भरवायचं कुठून?
आजवर एकाने घ्यायचा खेळ, तिघांनी खेळायचा;
चकत्या फिरायच्या जॅकेटच्या खिशांतून,
खेकड्याचा वास घेऊन घरी यायच्या.

येसेनिया किमतीपाशी अडलेली.
पावतीच्या पाठीवर तिने हिशेब मांडलाय:
तीन महिने जादा पाळी,
नाहीतर दाढेचं काम पुढच्या वर्षावर.
बोलता बोलता तिची जीभ दाढेकडे जाते.

आणि जुने खेळ? चालतील त्यात?
कुणालाच ठाऊक नाही.
एलिसेओ चहा गाळत राहतो.
त्याच्या जुन्या डब्यात एक शेत आहे,
रोसाउराने लावलेली भोपळ्यांची रांग.
ती अंतोफागास्ताला गेली त्याला सहा वर्षं झाली.
भोपळे तिचे, पाणी हा घालतो.
हे तो सांगत नाही,
एवढंच म्हणतो, "बघू."

तेवढ्यात वाऱ्याने नेट गेलं.
"बघा!" नाहुएल ओरडला, जणू त्यानेच पैज जिंकली,
"पडद्यावर नुसतं चाक फिरत बसणार,
आणि आपण त्याच्यासमोर."

मग कुणीतरी जुनंच सुरू केलं.
त्याला नेट लागत नाही,
फक्त डाव्या कुशीवर एक थाप.

नव्याला थाप चालेल का,
हे विचारायचं राहिलंच.