तिसरं रीळ

पहिला भाग आम्ही मंडईत पाहिला,
धान कापलेल्या बांधीत, तणशीवर बसून.
तंबूला सात ठिगळं, आठवं भोक तसंच;
त्यातून एक चांदणी फुकटात डोकवायची.
जनरेटर खोकला की पडद्यावरची बाई
पाऊल उचलून तशीच थांबायची
आणि अख्खा तंबू तिच्यासोबत श्वास धरायचा.

चार डब्यांचा पिक्चर.
एक डबा आमच्याकडे, दुसरा पलीकडच्या मंडईत,
मधे सायकलवर चैतू कापगते,
कॅरिअरला ट्यूब आवळून.

तिसऱ्या डब्यात तिचं तोंड होतं.
दुसरा संपला तेव्हा ती पाठमोरी,
बावडीच्या काठावर, केस मोकळे,
वळायला लागली होती
आणि पडदा पांढरा झाला.

चैतू आला नाही.
तासभर शिट्ट्या, मग फुटाणे, मग लेकरं झोपली.
शेवटी मालकाने चौथाच लावला:
पोलीस होते, एक म्हातारा राख गोळा करत होता.
कोण कसं मेलं, कोणालाच कळलं नाही.

पुढे उन्हाळ्यापर्यंत गावात तिचं तोंड बनत राहिलं.
बिरजाबाई म्हणे, तिला डोळेच नाहीत.
गायकीचा पोरगा म्हणे, तिला गणिताच्या मास्तरांच्या मिशा.
माझं मी कोणाला सांगितलं नाही.
माझ्यात ती वळली तेव्हा आईसारखी दिसली,
रागावलेली नव्हती,
फक्त मला ओळखत नव्हती.

काल दुसरा भाग पाहिला,
भाचीसोबत, नागपुरात,
खुर्ची मागे कलते अशा थंडगार अंधारात.
पहिल्याच मिनिटाला ती वळली.
तोंड जवळून दाखवलं, मग आणखी जवळून,
दात मोजता आले.
तिचं बालपण दाखवलं, तिची बाहुली,
कोणी ढकललं, का ढकललं, कोणत्या महिन्यात.
आवाज छतातून, पाठीतून, खुर्चीच्या बुडातून.
खोटं कशाला बोलू, सहा वेळा दचकलो.
पण दचकणं म्हणजे ठेच,
कळ येते, माणूस पुढे चालू लागतो.
भीती कुसळासारखी,
चपलेत बसून घरापर्यंत येते.

हेही खरं, की यातलं पाणी फार देखणं होतं,
हिरवं, जड, थांबलेलं.
आमच्या पडद्यावर पाणी म्हणजे ओरखडे;
उन्हातसुद्धा पाऊस पडायचा.

भाचीने विचारलं, मामा, पहिला बरा की हा?
म्हटलं, पहिला मी पूर्ण पाहिलाच नाही.
मग तुलना कशी करता?
तिचं बरोबर आहे.

चैतूने मला सांगितलं होतं,
पार म्हातारा झाल्यावर, बोडीच्या पाळीवर:
"येत होतो जी. मोहाच्या झाडापाशी आलो
अन् सायकल जड झाली.
ट्यूब तशीच असन, डबा तसाच असन.
पन मांगं कोनी बसलं असन
तं वळून पाहाचं का?
तितंच बसलो उजाडेपर्यंत,
डब्याकडे पाठ करून."

शेवटच्या एसटीने साकोलीला उतरलो.
स्टँडवर मोटरसायकल, पुढे अकरा किलोमीटर,
मधे तो मोह अजून उभा.
मागची सीट रिकामी होती, असं धरून चालतो.
आरसा मी सकाळी निघतानाच
आत वळवून ठेवला होता.