पाठ सुटली नाही

खाणीत तो उताणा पडलाय.
नाक झालंय, ओठ झालेत,
पाठ तेवढी अजून डोंगराला चिकटून.
दोरीपलीकडे नाही जायचं, मातारेना म्हणते.
कुणी पाय टाकला की तिचा भाऊ शिट्टी फुंकतो.

मी पाथरवटाचा नातू.
हात खिशात, तरी बोटं चाचपतायत:
हा घाव डावखुऱ्याचा,
हा दमलेल्याचा,
हा बहुतेक जेवण झाल्यावरचा.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,
मोडक्या स्पॅनिशमध्ये मी तिला सांगून पाहतो.
उकडलेलं रताळं सोलता सोलता ती हसते.
"देव कुठला? घरातलं माणूस. मेलेलं."

आणि डोळे?
"ते खाली, किनाऱ्याशी उभा केल्यावर कोरायचे.
तोवर काय बघणार, आभाळ?"

उतारावर एक घोडा
गळ्यापर्यंत पुरलेल्या डोक्याला मान घासतोय.
त्याला कुणी शिट्टी मारत नाही.

निघताना ती वळून म्हणाली, इओराना.
म्हणजे? विचारलं.
"आलं की हेच. निघालं की हेच."

खारा वारा कानात शिरत होता.
जातो म्हणायचं नसतं, आजोबा दटावायचे.
म्हणून म्हटलं, येतो.
मराठीत. त्याला.