ग्रे

हिप्परगे मॅडमनी पहिल्याच दिवशी
माझ्या पेटीतल्या अकरा ट्यूबा काढून घेतल्या.
दोनच ठेवल्या, अंबर आणि पांढरा.
म्हणाल्या, काका, सहा महिने
रंगाचं नाव काढायचं नाही.

मी हसलो.
एकतीस वर्षं डायिंगला होतो, अक्कलकोट रोडला.
चादरीचा लाल वाफेच्या वासावर सांगायचो,
अजून चार मिनिटं, अजून दोन, काढ.
घरी भाकरीवर माझ्या बोटांचे ठसे उठायचे,
कधी हिरवे, कधी जांभळे,
आणि भूदेवी ती भाकरी
गुमान स्वतःच्या ताटात घ्यायची.

आधी पातळ अंबर फासायचा, टर्पेंटाइनमध्ये,
चहा सांडल्यासारखा.
मग चिंधीनं पुसत उजेड काढायचा.
पुसून उजेड!
मी तर जन्मभर डाग पुसत आलो.

समोर तांब्या, एक कांदा, टॉवेलची घडी.
टॉवेल लालभडक, आपल्याच गावचा.
मी म्हटलं, मॅडम, हा लाल कसा काढू?
म्हणाल्या, डोळे बारीक करा की.
केले.
लाल कुठंतरी निघून गेला
आणि त्याच्या जागेवर
कांद्याच्या सावलीइतकाच अंधार बसलेला.
दोघांचं वजन एकच.
एकतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिले चार कांदे दगड झाले.
पाचवा बटाटा.
तुम्ही सगळं मधलं मधलं लावताय, मॅडम म्हणायच्या,
घाबरून.
सगळ्यात काळं कुठंय ते आधी सांगा.

मागावरून उतरलेल्या कापडाला
आम्ही ग्रे म्हणायचो.
खळीचं, बिनधुतलं, मधेच सरकीचा कण,
जॉबरच्या तेलकट अंगठ्याची खूण.
गाठी यायच्या,
मी वजन करून टाकीत ढकलायचो.
बघितलं कधीच नाही.

मे महिन्यात भूदेवीला बसवलं.
बसवलं म्हणजे ती बसलेलीच होती,
विडी घरकुलात, दाराच्या उजेडात,
मांडीवर सूप, हातात कात्री.
हात थांबव म्हटलं तर म्हणाली,
हजार कोण भरणार, तुझी मॅडम?
म्हणून हात पुसटच राहिले.
बाकीचं नऊ दुपारी केलं.
डोळ्यांखालचा काळा जास्त झाला, पुसला,
परत तेवढाच लावावा लागला.
कपाळावरचा पांढरा मात्र
मला वाटलं होतं त्यापेक्षा
लहान निघाला,
तांदळाच्या कणीएवढा.

संध्याकाळी ती समोर उभी राहिली,
पदराला हात पुसत.
म्हणाली, ही अम्मा.
मी म्हटलं, तू आहेस.
नाही, अम्मा. तिचा फोटोच नव्हता कुठं.
आणि भाकऱ्या थापायला आत गेली.

इथल्या उन्हात अंबर तीन दिवसांत सुकला.
मॅडमनी ट्यूबा परत दिल्यात,
आता वरून पातळ पातळ रंग चढवा म्हणाल्यात.
लुगड्याला कुठला लाल लागतो, मला ठाऊक आहे.
सेकंडचं होतं ते, मीच आणलेलं,
त्या लॉटला लाल
दोन मिनिटं जास्त उकळला होता.

ट्यूबचं टोपण घट्ट बसलंय.
पक्कड कपाटावर आहे.
मी अजून उठलेलो नाही.