पुनवेआधी

तुर्भ्याच्या बंद खाणीत साचलेलं हिरवं पाणी,
काठावर पत्र्याच्या खोल्या. बुधवार.
तिम्मानं स्वतःहूनच बोट पुढे केलं,
डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं.
"अजून किती रगत लागतं गं तुला, बाई?"
आणि कापूस फेकून पळाला बेडूक धरायला.

संध्याकाळी भिंगाखाली
जांभळ्या चंद्रकोरी. मोजक्याच.
त्याला त्या काही करत नाहीत,
डासाची वाट बघतात.

पण डास पिईल
तेव्हा त्याच घोटातून जाईल आणखी काही,
जे माझ्या कुठल्याच रंगात दिसत नाही:
तिम्मानं तीन तापांत कमावलेलं.
डासाच्या पोटात चंद्रकोर गोल होऊ पाहील
आणि तिथंच अडेल.
कदाचित. नेहमीच नाही.

मग कधीतरी तोच डास
गोणपाटाच्या पडद्याखालून आत शिरेल,
झोळीतल्या रेणव्वाला चावेल,
ती किरकिरेल, खाजवेल,
झोपेल परत.

तिम्माच्या हाती यातलं काहीच लागणार नाही.
उद्या गोळ्या घेऊन जायचं, कडू म्हणून तो थुंकेल.
नोंदवहीत लिहिलं: पॉझिटिव्ह, वय सात.
त्यानं जे रेणव्वाला दिलं
त्याला रकाना नाही.