रकाना सात

बाहुबली मगदूम फॉर्म ठेवून गेला,
चहा अर्धा टाकून.
'वाचून सही करा मॅडम, घाई नाही.
पण रकाना सात तेवढा मोकळा सोडू नका.'

उद्यमनगरात माझं ऑफिस म्हणजे
वेल्डिंगच्या दुकानावरची खोली,
एक टेबल, एक लॅपटॉप, एक भिंग,
आणि खिडकीच्या फळीवर मांडलेले
फुटक्या कास्टिंगचे तुकडे.
लोक फोटो लावतात. मी हे लावते.

मी बनवत काहीच नाही.
भट्टी माझी नाही, वाळू माझी नाही,
रस ओतणारे हात माझे नाहीत.
मी नुसतं सांगते:
रस कुठून शिरावा, कुठं थबकावा,
हवेनं कुठल्या वाटेनं निघून जावं.
त्या सांगण्याचं बिल करते
अठरा टक्के जीएसटी लावून.

मगदूम बोटं मोडत समजावतो:
आग, चोरी, पूर यांचा एक कागद.
'पूर इथवर येत नाही.'
'न येऊ दे. लिहा. पाणी काय पत्ता विचारून येतंय?'
जिन्यावरून कुणी घसरला,
पाय मोडला, तर त्याचा दुसरा.
मी आजारी पडले, हात चालेना, तर तिसरा.
'आणि तुमचा शब्द चुकला,
त्यापायी दुसऱ्याचं नुकसान झालं,
तर हा.'

शब्दाचा विमा.
आमचे अण्णा शब्दावर म्हस विकायचे,
शब्दावर सोयरीक जुळवायचे.
त्याला हप्ता असतो, वजावट असते,
त्याची सुरू व्हायची एक तारीख असते
आणि त्या तारखेआधीचं बोलणं
कंपनी ऐकतच नाही,
हे त्यांना कळलं असतं तर
सुपारी तोंडातच राहिली असती.

रात्री, खालचं वेल्डिंग थांबल्यावर,
वाचलं:
*ज्यातून पुढे दावा उभा राहू शकेल
अशी कोणतीही चूक, घटना अथवा परिस्थिती
आपणास ठाऊक आहे काय?
हो / नाही. असल्यास तपशील.*
तपशिलाला दोन ओळी.

शिरोलीत दौलतराव इंगवल्यांची फाउंड्री.
पंपाची दोनशे चाळीस घरं.
फीडर बारीक करा, म्हणाले होते मी,
एवढं बीड कशाला वाया घालवायचं?
घरं निघाली देखणी. घासली, रंगवली.
चाचणीला पाण्याचा दाब दिला
तेव्हा एकतीस घरांना घाम फुटला.

इंगवले भांडले नाहीत.
पत्र नाही, वकील नाही, फोनसुद्धा नाही.
एका पोराबरोबर कापडी पिशवी पाठवली,
आत तीन तुकडे.
पिशवीला 'परिस्थिती' म्हणतात का?

'नाही'वर पेन टेकवलं.
कुणाला कळणार होतं?
आणि फळीवरचा तुकडा दिसला,
बाहेरून चकचकीत, मध्ये
भाताच्या शिताएवढी पोकळी.
रंग मारला की ती दिसत नाही.
दाब येईपर्यंत दिसत नाही.

'हो' लिहिलं.
फीडरचा व्यास लिहिला, मिलिमीटरमध्ये,
आधीचा आणि मी सांगितलेला.
दोन ओळी पुरल्या नाहीत, जादा कागद जोडला.

मगदूमने उभ्याउभ्याच वाचला.
'हे एवढं कंपनी वगळणार बगा.
पुढचं सगळं धरंल. हे नाही.'
'वगळू दे.'
'मग हे कुणावर?'
उत्तर त्यालाही माहीत होतं.
या खेपेला चहा त्यानं पुरा प्याला.

संध्याकाळी चेकबुक पर्समध्ये टाकून
शिरोलीला गेले. हायवेला धूळ,
टोपपर्यंत उसाच्या ट्रॉल्या.
इंगवले भट्टीशी उभे होते,
कपाळावर राख, हातात रजिस्टर.
मी आकडा बोलायला तोंड उघडलं.
'ते बघू,' म्हणाले, 'आदी हे सांगा,
रस तयार हाय. फीडर किती ठेवू?'

पोरं माझ्याकडं बघत थांबली.
मी लगेच सांगितलं नाही.